फ्रेम नऊमधला कागद

पोलीस ठाणे, लोणावळा.
तक्रार अर्ज चौकशी. अर्जदार: श्री. गौरव गराडे, विश्वस्त, कै. सोपानराव गराडे स्मृती दालन.
जबाब लिहिण्यास सुरुवात: सोमवार, दि. १७/११/२०२५, सकाळी १०.४० वा.

नाव: यशोधरा सुहास ओव्हाळ. वय: ६१ वर्षे. धंदा: लष्करी डेपोच्या नोंदणी विभागातून सेवानिवृत्त, सध्या वरील दालनात कागदपत्रांचे काम. राहणार: देहूरोड. माहेर: नाणे मावळ, कामशेतजवळ.

मी आज स्वतःच्या पायांनी ठाण्यात आले आहे. मला कोणी आणलेले नाही आणि कोणी शिकवलेलेही नाही. महिला हवालदार अनघा म्हाळसकर यांच्यासमोर बसून, विचारलेले आणि न विचारलेलेही सांगते ते असे:

मी वरील पत्त्यावर पती सुहास व मुलगा प्रज्ञेश यांच्यासह राहते. दोघांनीही मला वकील सोबत ने म्हणून सांगितले. मी नेला नाही. कर नाही त्याला डर कशाला.

मला सर्वांत आधी विचारण्यात आले, की कागद आत्ता कुठे आहे. ते मी सांगणार आहे, पण त्याची पाळी आल्यावर. देहूरोडच्या डेपोत अडतीस वर्षे मी आवक-जावक लिहिली. माल आत कसा आला ते आधी लिहायचे, बाहेर कसा गेला ते नंतर. उलटे लिहिलेले रजिस्टर आमचे साहेब टेबलावरून खाली ढकलून देत. हवालदार बाई म्हणाल्या, “मावशी, थोडक्यात सांगा.” थोडक्यात अर्जदाराने सांगितलेच आहे. त्याच्या अर्जात चार ओळी आहेत आणि चारही ओळींचा अर्थ एवढाच, की मी दालनातली फ्रेम फोडून ऐतिहासिक कागद चोरला. म्हणून मी सविस्तर सांगणार आहे.

कै. सोपानराव गराडे, ज्यांना सगळे आबासाहेब म्हणत, ते आमच्या भागाचे तीन वेळा आमदार आणि एकदा राज्यमंत्री होते. सन २००३ मध्ये ते वारले. अर्जदार गौरव हा त्यांचा नातू. आबासाहेबांच्या लोणावळ्यातील बंगल्यात त्याने त्यांच्या नावाचे दालन करायला घेतले आहे. पुढच्या खोल्यांत प्रदर्शन आणि मागच्या खोलीत आबासाहेबांची सगळी कागदपत्रे, अशी रचना आहे. उद्घाटन पुढच्या आठवड्यात मंगळवारी, २५ तारखेला आहे. मोठे पाहुणे येणार आहेत. मंडपाचे खांब उभे राहिले आहेत, ते येताना मी पाहिले.

मला १ जुलै २०२५ रोजी नेमणुकीचे पत्र मिळाले. त्यात माझे काम ‘कागदपत्रांची नोंद, मांडणी व जपणूक’ असे लिहिले आहे. पत्राची प्रत जोडली आहे. जपणूक हा शब्द मी घातलेला नाही, गौरवने घातला आहे. तो आता त्याला जड जातो आहे त्याला मी काय करू.

मागच्या खोलीत तीनशे बारा बस्ते होते. लाल कापडात बांधलेले, काहींना कसर लागलेली. मी एकेक बस्ता उन्हात सोडला, झटकला आणि प्रत्येक कागदाला क्रमांक दिला. आबासाहेबांची सवय अशी, की आलेल्या प्रत्येक अर्जाच्या समासात ते हिरव्या शाईने शेरा लिहीत. बहुतेक शेरे एकाच शब्दाचे आहेत: ‘बघतो.’ पुष्कळ ठिकाणी त्यांनी खरोखर बघितलेही आहे. एसटीच्या फेऱ्या, विहिरी, स्मशानाचा रस्ता, अशी कामे त्या पत्रांनी झाली. आमच्या गावाला चौथीपुढची शाळा त्यांच्याच पत्राने मिळाली आणि मी त्या शाळेत शिकले. हे मुद्दाम लिहून घ्या. उद्या कोणी म्हणायला नको, की बाई आकसाने बोलली.

ऑगस्ट महिन्यात, बस्ता क्रमांक ८८ च्या पुढे, मला लोकांचे मूळ कागद सापडू लागले. मूळ म्हणजे नक्कल नव्हे, अस्सल. धरणग्रस्तांचे दाखले, जमिनीचे हुकूम, शाळा सोडल्याचे दाखले, एकाचे तर लष्करातून सुटल्याचे पुस्तक. अर्जाला टाचणीने टोचलेले. टाचण्या गंजून कागदाला भोके पडली आहेत.

हे कसे झाले असे हवालदार बाईंनी विचारले. त्या तरुण आहेत, त्यांना कठीण वाटणे साहजिक आहे. त्या काळी गावात झेरॉक्स नव्हते. नक्कल काढायची तर तालुक्याला दोन-चार खेपा. म्हणून लोक अस्सल कागदच अर्जाला लावत आणि बंगल्यावर जाऊन आबासाहेबांच्या हातात देत. पोच घेत नसत. कचेरीतल्या कारकुनाकडे मात्र आमची अडाणी माणसेसुद्धा पोच मागत, कारण त्याच्यावर भरवसा नव्हता. आबासाहेबांवर होता. आपल्या माणसाकडे पोच मागायची म्हणजे त्याच्या तोंडावर ‘तू लबाड आहेस’ म्हणायचे. मावळात ते कोणी करत नाही. काम झाले नाही तरी परत जाऊन कागद मागत नसत. मागितला तर साहेबांना वाटायचे, माणूस फिरला. अशा रीतीने एका घरात सत्तेचाळीस घरांचे अस्सल कागद गोळा झाले. आबासाहेबांनी ते दाबून ठेवले असे मी म्हणत नाही. ते विसरले. विसरायला त्यांना एक क्षण लागला असेल, तेवढ्यात लोकांची चाळीस-चाळीस वर्षे गेली.

दि. २१ ऑगस्ट रोजी मी दालनातून अर्ध्या दिवसाची रजा घेतली. हजेरीत तशी नोंद आहे. तिचे कारण पुढे येईल.

सत्तेचाळीस कागदांची यादी मी केली आणि दि. ३ ऑक्टोबर रोजी गौरवच्या हातात दिली. यादीच्या दुसऱ्या प्रतीवर त्याची सही घेतली. मी त्याला सांगितले, “डेपोत दुसऱ्या युनिटचा माल चुकून आपल्याकडे उतरला तर आपण तो आपल्या साठ्यात धरत नाही. गाडी बोलावतो आणि परत पाठवतो. हे कागद परत गेले पाहिजेत.”

तो हसला. म्हणाला, “मावशी, हा डेपो नाही. हे सगळं आता ऐतिहासिक आहे.”

मी म्हटले, “माणसं अजून जिवंत आहेत. ती ऐतिहासिक होईपर्यंत थांबायचं का आपण?”

तेव्हा जे खरे होते ते तो बोलला. तो म्हणाला, “एक कागद दिला की दारात रांग लागेल. पेपरवाले विचारतील, साहेबांनी एवढी वर्षं लोकांचे कागद का ठेवले? उद्घाटनाच्या तोंडावर मला हे नको आहे. नंतर बघतो.”

गौरव मनाने वाईट आहे असे मी म्हणणार नाही. पण ‘बघतो’ हा शब्द त्याच्याकडे वारशाने आला आहे. मी म्हटले, रांग लागू दे. रांगेत उभे राहायची त्यांना सवय आहे.

आता ज्या कागदावरून हे सगळे चालले आहे तो. तो करंजवाडीच्या नथू केदारी यांचा धरणग्रस्ताचा मूळ दाखला आहे. करंजवाडी कामशेतवरून पवनेकडे जाताना लागते. नथूंची जमीन धरणात गेली, बदल्यात दुसरी जमीन मिळायची होती, म्हणून त्यांनी सन १९७९ मध्ये हा दाखला अर्जाला लावून आबासाहेबांना दिला. दाखल्यावर नथूंचा अंगठा आहे, गोल शिक्का आहे, आणि समासात हिरव्या शाईने शेरा आहे: ‘बघतो. कागद राहू दे.’ कागद राहिला. नथू सन २००९ मध्ये वारले.

हा कागद दिसायला देखणा म्हणून गौरवने काचेच्या फ्रेममध्ये घालून भिंतीवर लावला. फ्रेम क्रमांक नऊ. खाली पितळी पाटी बसवली: ‘जनतेचा विश्वास’.

नथूंच्या पत्नी धोंडाबाई, वय ७४, या दालनात तीन वेळा आल्या. पहिल्या दोन वेळा त्यांना ‘उद्घाटनानंतर या’ म्हणून दारातून परत पाठवले. तिसऱ्या वेळी, दि. ११ नोव्हेंबर रोजी, मी बाहेर डबा खात बसले होते. त्यांच्या हातात तहसील कार्यालयाचे पत्र होते, प्लास्टिकच्या पिशवीत घालून चौघडी केलेले. पत्र वाचले. बदली जमिनीच्या दाव्याची सुनावणी वडगावला होणार होती. दिनांक १७ नोव्हेंबर, वेळ सकाळी साडेअकरा, मूळ दाखला हजर करावा, न केल्यास दावा निकाली काढण्यात येईल, असे त्यात होते. निकाली म्हणजे काय ते मी त्यांना समजावून सांगितले. त्यांना ते आधीच ठाऊक होते.

मी विचारले, “मावशी, कागद दिला तेव्हा पोच घेतली होती का?”

त्या म्हणाल्या, “आमच्या ह्यांनी सोताच्या हातानी आबासायबांच्या हातात दिल्ता. पोच कशापायी मागायची? द्येवाम्होरं नारळ ठिवला की पावती मागत्यात व्हय?”

मी त्यांना आत नेले आणि फ्रेम दाखवली. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी काचेवर बोट ठेवले, जिथे अंगठा आहे तिथे, आणि म्हणाल्या, “ह्यो त्यांचा. त्यांच्या आंगठ्याला विळा लागल्याला, त्याचा वण हाय बगा मदी.” वण आहे. मी भिंग लावून पाहिला.

त्या दिवशी मी गौरवला परत विचारले. तो म्हणाला, “रंगीत स्कॅन देतो ना मावशी, हुबेहूब.” पत्रात मूळ असा शब्द आहे, हे मी त्याला दाखवले. तो म्हणाला, “मग तारीख वाढवून मागा म्हणावं.” चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला तारीख वाढवून मागायला सांगणे फार सोपे आहे. उचलली जीभ लावली टाळ्याला.

येथे चहा आला. वेळ ११.१५. कागद कुठे आहे, असे मला दुसऱ्यांदा विचारण्यात आले. आत्ता कुठे मी १४ तारखेपर्यंत आले आहे. चहा संपवून पुढे सांगते.

शुक्रवार, दि. १४ नोव्हेंबर रोजी मी कागद काढला. दुपारी बारा वाजता, भर उजेडात, दालनात सुतार, रंगारी आणि दोन विश्वस्त हजर असताना. अवजारांच्या पेटीतून पेचकस घेतला आणि पेटीवरच्या वहीत तशी नोंद केली. फ्रेमच्या मागचे चार स्क्रू काढले. कागद बाहेर घेतला. चारही स्क्रू परत बसवले, फ्रेम होती तिथे टांगली, पेचकस परत ठेवला, परत ठेवल्याची नोंद केली. फ्रेम फोडली असे अर्जात आहे. काचेला ओरखडासुद्धा नाही. कोणाला वाटल्यास आत्ता जाऊन पाहावे.

कागदाच्या जागी मी जागापट्टी लावली. डेपोत कपाटातून फाईल काढली की तिच्या जागी पट्टी ठेवतात, म्हणजे नंतर येणाऱ्याला कळते की इथे काय होते आणि ते कुठे गेले. फ्रेम नऊमध्ये आता पांढऱ्या जाड कागदावर माझ्या अक्षरात असे आहे: ‘मूळ दाखला मालकास परत. गेट पास क्र. १. दि. १४/११/२०२५. य. ओव्हाळ.’ खाली पितळी पाटी तशीच आहे. मला ती आता जास्त शोभते असे वाटते.

डेपोत गेट पास असल्याशिवाय खिळासुद्धा बाहेर जात नाही. दालनात पासाची पद्धतच नव्हती, म्हणून मी तीन प्रतींचे पुस्तक स्वतः शिवून केले. पहिला पास या कागदाचा. दारावर सुरक्षेला रतनबाई असतात. मी त्यांना पास दिला, पारदर्शक पिशवीतला कागद दाखवला, त्यांनी पासावरचे वर्णन आणि कागद ताडून पाहिला, वेळ १२.२० अशी लिहून सही केली. रतनबाईंची यात काडीइतकी चूक नाही. त्यांना कामावरून काढण्याची भाषा चालली आहे असे ऐकले. पास बघून माल सोडला म्हणून पहारेकऱ्याला काढायचे असेल तर चोर सोडून संन्याशाला फाशी झाली. आणि इथे तर चोरही नाही.

अर्जदाराने कॅमेऱ्याचे चित्रीकरण पुरावा म्हणून दिले आहे. हवालदार बाईंनी ते मला दाखवले. मला ते पाहून बरे वाटले. दाराशी पोचल्यावर मी कॅमेऱ्याकडे तोंड करून कागद दोन्ही हातांनी वर धरला आहे, आधी पुढची बाजू, मग मागची. चोरी करणारे असे करतात का हे ठाण्याला माझ्याहून चांगले माहीत असेल.

मला विचारले, की कागद मालकाचा आहे हे तुम्ही कशावरून ठरवले? कागदावर मालकाचे नाव आहे. दालनाचे नाव नाही, गराडे हे नाव नाही. मला विचारले, विश्वस्तांची लेखी परवानगी होती का? नव्हती. ती मागितली होती, ३ ऑक्टोबरला आणि परत ११ नोव्हेंबरला. मला विचारले, की परवानगी नसताना काढला हे तुम्हाला मान्य आहे का? मान्य आहे. ठळक लिहा. परत अशी वेळ आली तर परत काढीन, हेही त्याच ओळीत लिहा.

कागद मी त्याच दुपारी कामशेतला नेऊन धोंडाबाईंच्या हातात दिला. त्यांची सून तेजल सोबत होती. तिचे शिरगावला साईबाबांच्या देवळाबाहेर हारफुलांचे दुकान आहे. ती दुकान बंद करून आली होती. धोंडाबाईंनी पासाच्या पिवळ्या प्रतीवर अंगठा दिला. ती प्रत माझ्याकडे आहे, ती जोडली आहे. अंगठा देताना त्या म्हणाल्या, “आता आमाला बी पोच द्यावी लागती का?” मी म्हटले, “हो मावशी, सगळ्यांनाच.”

शनिवारी गौरवने ठाण्यात अर्ज दिला. रविवारी सकाळी ठाण्यातून मला फोन आला, की जबाबाला या, आणि येताना कागद घेऊन या, तो जप्त करावा लागेल. मी म्हटले, सोमवारी साडेदहाला येते. वेळ मीच ठरवली.

रविवारीच संध्याकाळी गौरव आमच्या घरी आला. त्याने टाइप केलेला माफीनामा आणला होता. सोबत मिठाई होती. तो म्हणाला, “मावशी, सही करा, कागद परत आणा, मी अर्ज मागे घेतो. तुमच्या वयाला पोलीस ठाणं शोभत नाही.” मी त्याला पाणी दिले. माफीनाम्यात होते, की माझ्या हातून नजरचुकीने कागद बाहेर गेला. अडतीस वर्षांत माझ्या हातून नजरचुकीने टाचणी बाहेर गेलेली नाही. चोर म्हणालात तर मी ठाण्यात येऊन उत्तर देईन, पण मला गबाळी म्हणू नका. मी सही केली नाही. मिठाईचा डबा सुहासने त्याच्या गाडीत परत ठेवला.

येथे हवालदार बाईंनी लेखणी ठेवली आणि म्हणाल्या, “मावशी, आता तरी सांगा. कागद धोंडाबाईंकडे आहे ना? करंजवाडीला माणूस पाठवू का?” वेळ ११.५०. मी म्हटले, आधी एक घोट पाणी द्या. पाणी दिले. मी ते सावकाश प्यायले. मग मी माझ्या नोकरीतल्या बढत्यांची माहिती दिली, ती या चौकशीला उपयोगाची नसल्याने लिहून घेतलेली नाही.

दुपारी १२.०८ वाजता टेबलावर ठेवलेला माझा फोन वाजला. हवालदार बाईंच्या परवानगीने मी तो उचलला आणि त्यांनाही ऐकू यावे म्हणून आवाज मोठा केला. तेजलचा फोन होता. तिने तो सासूच्या हातात दिला. धोंडाबाई वडगावहून बोलत होत्या. त्या जे बोलल्या ते जसेच्या तसे लिहून घ्यावे अशी मी विनंती केली, ती मान्य झाली:

“ताई, झाली गं सुनावनी. सायबानं कागद उलटापालटा करून बगितला, अस्सल हाय म्हनला. फायलीला लावून घेतला. आन् ऐक, म्या कागद सोडलाच न्हाई हातातला. म्हनलं, आदी पोच द्या. सगळी हासली. हासंना का. पोच दिली तवा कागद दिला. शिक्का हाय, नंबर हाय, तेजलनं वाचला. म्या कमरंच्या पिशवीत ठिवलीया.”

नंतर तेजलने फोन घेतला, पोचेचा फोटो पाठवते म्हणाली आणि बंद केला. मी चष्मा पुसून ठेवला. हवालदार बाई खिडकीकडे बघत थांबल्या.

आता कागद कुठे आहे या प्रश्नाचे उत्तर. तो वडगावला तहसील कार्यालयात धोंडाबाईंच्या दाव्याच्या फायलीत आहे. तेजलने पोचेचा फोटो पाठवला आहे, तो पाहून आवक क्रमांक येथे लिहून घेतला आहे. ठाण्याला तो कागद हवा असल्यास तिथे रीतसर पत्र द्यावे.

मी मुद्दाम वेळ काढला का, असे विचारण्यात आले. होय. सन १९९२ मध्ये माझी सायकल चोरीला गेली होती. ती आठ दिवसांत सापडली, मुद्देमाल म्हणून जमा झाली, आणि सुटून माझ्या हातात आली तेव्हा प्रज्ञेश सायकल चालवायच्या वयाचा झाला होता. चोरीला गेली तेव्हा तो जन्मलाही नव्हता. जप्त होणे आणि हरवणे यात सामान्य माणसाला फार फरक दिसत नाही. धोंडाबाईंचा दाखला एकदा शेहेचाळीस वर्षे अडकून पडला होता. साडेअकराची वेळ टळेपर्यंत तो मला परत अडकू द्यायचा नव्हता. मी एकही शब्द खोटा बोललेले नाही. फक्त क्रमाने बोलले.

मी हे कोणत्या फायद्यासाठी केले, हा अर्जदाराचा शेवटचा मुद्दा आहे. त्याने लिहिले आहे, की माझा यात काही खाजगी स्वार्थ असावा. त्याचे म्हणणे अगदीच खोटे नाही. म्हणून यादी बघा.

यादीत क्रमांक ३१ आहे: सीताराम जानू रोकडे, नाणे मावळ. वतनाची जमीन पुन्हा नावावर करून दिल्याचा मूळ हुकूम. ते माझे वडील. मे १९८१ मध्ये त्यांनी तो आबासाहेबांना दिला, कारण जमिनीवर दुसऱ्याच कोणाचे नाव चढू लागले होते. मी सतरा वर्षांची होते. अर्ज मी लिहिला होता. २१ ऑगस्टला बस्ता सोडला तेव्हा मला आधी माझे अक्षर दिसले, मग खालचा हुकूम. समासात ‘बघतो’ आहे. रजा त्या दिवसाची.

अर्ज द्यायला मी वडिलांबरोबर गेले होते. ओट्यावर माणसे बसली होती. माझे वडील पायरीखाली उभे राहिले. आबासाहेबांनी त्यांना वर बोलावले, हे खरे आहे. ते वर गेले नाहीत, हेही खरे आहे. कागद त्यांनी खालूनच हात लांब करून दिला. परत येताना मी वडिलांना विचारले, की आबा, पोच? ते म्हणाले, “साहेबाकडं पोच मागत्यात व्हय गं, येडे?” ते सन १९९८ मध्ये वारले. शेवटपर्यंत म्हणत होते, कागद साहेबाकडे आहे, काळजी नाही. त्या जमिनीवर आज काय उभे आहे ते या जबाबात लिहिण्याचे कारण नाही.

चोरायचाच असता तर मी क्रमांक ३१ चोरला असता. ऑगस्टपासून तो माझ्या हाताखाली होता, फ्रेममध्येही नव्हता, आणि तेव्हा दाराला कॅमेरासुद्धा नव्हता. मी त्याला क्रमांक दिला, यादीत चढवला आणि बस्त्यात परत ठेवला. धोंडाबाईंना तारीख मिळाली होती म्हणून त्यांचा आधी काढला. माझ्या वडिलांना कधी तारीखच मिळाली नाही. त्यांचा कागद मला पिशवीत घालून आणायचा नाही. तो मला दालनाच्या पुढच्या दाराने, विश्वस्तांच्या सहीने, गेट पासावर हवा आहे. पास क्रमांक कोणता का असेना.

शनिवारपासून मागच्या खोलीला कुलूप आहे आणि किल्ली गौरवकडे आहे. आत शेहेचाळीस जणांचे अस्सल कागद आहेत. ते त्यांना परत मिळावेत आणि तोपर्यंत एकही कागद हलू नये, अशी माझी लेखी तक्रार मी टाइप करूनच आणली आहे. यादी सोबत आहे. हवालदार बाईंनी यादी दोनदा वाचली. दुसऱ्यांदा वाचताना त्या एका नावावर थांबल्या.

पुढच्या मंगळवारी उद्घाटन आहे. मला आमंत्रण आहे, ते अजून कोणी रद्द केलेले नाही. मी जाणार आहे. फ्रेम क्रमांक नऊ पाहायला धोंडाबाईही येणार आहेत.

वरील मजकूर हवालदार बाईंनी मला मोठ्याने वाचून दाखवला, नंतर मी चष्मा लावून स्वतः वाचला. तिसऱ्या पानावर ‘कागद काढून नेला’ असे लिहिले गेले होते, ते खोडून ‘मालकास परत दिला’ असे करून घेतले आणि खाडाखोडीशेजारी सही केली. बाकी सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे आहे, त्यातला एकही शब्द मला मागे घ्यायचा नाही. या जबाबाची आणि तक्रारीची प्रत, त्यावर शिक्का, तारीख, वेळ आणि घेणाऱ्याची सही मिळेपर्यंत मी खुर्चीवरून उठणार नाही असे सांगितले. दुपारी १.३५ वाजता उठले.

पोच मिळाली.

सही: य. सु. ओव्हाळ
समक्ष: अ. म्हाळसकर, महिला पोलीस हवालदार